ठरलेली पोटगी आणि मिळालेली पोटगी

माझें सारें आयुष्य मुलांना गणितें घालण्यांत गेलें. आज आरंभींच एक गणित आपणांस घालतों. एका बाईस न्यायालयानें दरमहा २,००० रुपये पोटगी ठरवून दिली. वर्षभरांत नवऱ्यानें तिला एक पैहि दिली नाहीं. तर त्या बाईचें पोटगीपासूनचें वार्षिक उत्पन्न किती? चौथीच्या वर्गांतील कोणताहि मुलगा विलंब न लावतां 'शून्य' असें उत्तर देईल. मीं मात्र एकदां या गणिताचें उत्तर चोवीस हजार असें दिलें, आणि माझ्या त्या उत्तराची किंमत एका गरीब घराला मोजावी लागली. ती चूक आपल्यापैकीं दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं आजचें हें भाषण आहे.

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांतील ही गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या दोन मुलांना घेऊन माझ्या दारीं आली. आमच्या धाराशिव जिल्ह्यांतून, विशेषतः कळंब, वाशी, भूम या बाजूनें, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं टोळ्या बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो. हिचा नवरा एका हंगामांत कारखान्याच्या तळावरूनच निघून गेला व त्यानें दुसरें घर मांडलें. जोडीदार गेला, म्हणजे बाईचा अर्धा कोयता उरतो; आणि अर्ध्या कोयत्यावर उचल मिळणें फार कठीण. ती माहेरीं परतली. पुढें घटस्फोट झाला, न्यायालयानें पोटगी ठरवून दिली. परंतु तिच्या हातीं आला तो केवळ हुकुमाचा कागद. कोणीतरी तिला निराधारांच्या अनुदानासाठीं अर्ज करण्यास सुचविलें, म्हणून ती अर्ज भरून घेण्यास माझ्याकडे आली.

उत्पन्नाच्या रकान्यापाशीं आम्ही थांबलों. मी पोटगीची रक्कम लिहूं लागलों, तेव्हां ती हळूच म्हणाली, "गुरुजी, पैसा हातांतच आला नाहीं, तर लिहायचा कशाला?" मी तिच्यावर रागावलों. कागदोपत्रीं जें आहे तें लिहावें, सरकारपासून कांहीं लपवूं नये, असा उपदेश करून मीं २४,००० हा आंकडा सुवाच्य अक्षरांत लिहिला. उत्पन्न मर्यादेबाहेर जातें, या कारणावरून अर्ज नामंजूर झाला. सत्याच्या अभिमानानें मीं तिच्याकडून असत्यच लिहवून घेतलें होतें. कारण जें उत्पन्न नव्हतेंच, तें उत्पन्न म्हणून दाखविलें होतें.

या गोष्टींतील मर्म नीट ध्यानांत येण्यासाठीं प्रथम पोटगी म्हणजे काय, तें पाहूं. हा शब्दच पोटावरून आला आहे. ज्याच्यावर पोसण्याचें कर्तव्य आहे त्यानें तें टाळलें, तर त्याच्याकडून पोटापुरतें मागून घेण्याचा जो हक्क, त्याचें नांव पोटगी. ही कल्पना परदेशांतून आलेली नव्हे. उमरग्याहून फारसें दूर नसलेलें कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, हें चालुक्यांच्या राजधानीचें गांव. तेथें विक्रमादित्याच्या आश्रयास असलेल्या विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही विख्यात टीका लिहिली. त्या स्मृतींत असा दंडक आहे, कीं आज्ञाधारक, दक्ष व प्रिय बोलणाऱ्या पत्नीस जो टाकील, त्याच्याकडून त्याच्या धनाचा तिसरा हिस्सा तिला देववावा; आणि तो निर्धन असेल, तर निदान तिचें भरणपोषण तरी त्याच्याकडून करवावें. पत्नीच्या अंगीं अमुक गुण असावेत, ही अट आज आपणांस रुचणार नाहीं. परंतु 'देववावें' हा शब्द मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. स्मृतिकारानें हें काम नवऱ्याच्या मर्जीवर सोडलेलें नाहीं. तें राजावर सोंपविलें आहे.

आजचा कायदा पाहूं. फौजदारी प्रक्रिया संहितेचें कलम १२५ हें पुष्कळांच्या कानांवरून गेलेलें असेल. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम १४४ आलें आहे. जो मनुष्य पुरेसें साधन असूनहि आपल्या पत्नीचें, लहान मुलांचें किंवा वृद्ध आईबापांचें पोषण करीत नाहीं, त्यास दरमहा अमुक रक्कम देण्याचा हुकूम न्यायाधीश करूं शकतात. घटस्फोट झालेली स्त्रीहि पुन्हां विवाह करीपर्यंत 'पत्नी' या शब्दांत येते. मुसलमान घटस्फोटितेसहि या कलमाचा आधार घेतां येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानें १० जुलै २०२४ रोजीं दिला. पूर्वीं दरमहा पांचशें रुपयांहून अधिक पोटगी देतां येत नसे. ती मर्यादा २००१ सालीं काढून टाकण्यांत आली. पोटगी मागण्यासाठीं घटस्फोट झालेला असावा लागत नाहीं, ही गोष्ट कित्येक सुशिक्षितांनाहि ठाऊक नसते. नवऱ्यानें टाकलें, पोसण्याचें नाकारलें, एवढें पुरे आहे.

हुकूम झाल्यावरहि पैसे आले नाहींत, तर वसुलीसाठीं अर्ज करतां येतो. दंड वसूल करावा त्या रीतीनें ती रक्कम वसूल करण्याचें वॉरंट न्यायालय काढूं शकतें, आणि तरीहि रक्कम थकली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद देऊं शकतें. कैद भोगली म्हणून देणें फिटत नाहीं, हेंहि सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे. मात्र येथें एक मुदत आहे. रक्कम ज्या दिवशीं देय झाली, त्या दिवसापासून एक वर्षाच्या आंत या वसुलीचा अर्ज करावा लागतो. 'आज देईल, उद्यां देईल' अशी वाट पाहतां पाहतां हें वर्ष निघून जातें.

आतां दुसरी बाजू. महाराष्ट्र सरकारनें १९८० सालीं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. स्वतःचें पोट भरूं न शकणारे अपंग, दुर्धर रोगानें ग्रासलेले, अनाथ मुलें, निराधार विधवा, अशांच्या यादींत घटस्फोटाच्या खटल्यांत असलेल्या व घटस्फोट झालेल्या स्त्रियांचाहि समावेश आहे. अर्जदाराचें वय ६५ वर्षांच्या आंत असावें, तो निदान पंधरा वर्षें महाराष्ट्रांत राहिलेला असावा, आणि कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न सामान्यतः २१,००० रुपयांहून अधिक नसावें, अशा अटी चालत आल्या आहेत. अपंगांसाठीं ही मर्यादा अधिक आहे. २०२३ सालच्या जुलैंत या योजनेचें अनुदान दरमहा १,५०० रुपये करण्यांत आलें. अर्ज तहसील कचेरींत द्यावयाचा असतो. आंकडे वेळोवेळीं बदलतात, म्हणून अर्ज करतेवेळीं कचेरींत चौकशी करावी.

घटस्फोटितेच्या बाबतींत या योजनेंत जी अट आहे, ती शब्दशः समजून घेतली पाहिजे. पोटगी न मिळणारी, किंवा उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षां कमी पोटगी मिळणारी स्त्री पात्र ठरते, असा तिचा आशय आहे. शब्द 'मिळणारी' असा आहे. 'ठरलेली' असा नाहीं. माझी चूक झाली ती नेमकी या एका शब्दापाशीं. शाळेंत मीं तीस वर्षें मुलांना 'प्रश्न नीट वाचा' असें बजावलें, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हां मीच प्रश्न नीट वाचला नाहीं.

ही अट कशी लागू पडते, तें तीन उदाहरणांनीं पाहूं. २१,००० रुपयांस बारांनीं भागलें, तर महिन्याकाठीं १,७५० रुपये येतात. तिघी घटस्फोटिता आहेत, तिघींनाहि पोटगीखेरीज दुसरें उत्पन्न नाहीं, असें समजूं. पहिलीला पोटगी मुळींच मिळत नाहीं. ती पात्र आहे. तिच्या हातीं महिन्याला १,५०० रुपये पडतील. दुसरीला दरमहा १,००० रुपये पोटगी खरोखर मिळते. तिचें वार्षिक उत्पन्न १२,००० झालें; तीहि मर्यादेंत आहे, आणि अनुदान मिळून तिच्या हातीं २,५०० रुपये येतील. तिसरीला दरमहा २,००० रुपये नियमानें मिळतात. तिचें उत्पन्न २४,००० झालें. ती मर्यादेबाहेर गेली, अनुदान गेलें, आणि तिच्या हातीं २,००० रुपयेच राहिले.

गंमत अशी, कीं जिची पोटगी दुप्पट, तिच्या हातीं पांचशें रुपये कमी! तुळजापूरच्या घाटांत रस्ता वळणें घेत घेत खालीं उतरतो. तसें हें अनुदान हळूहळू कमी होत नाहीं. मर्यादेची रेघ ओलांडली, कीं तें एकदम तुटतें. हिशेब करून पाहिला तर असें दिसतें, कीं दरमहा १,७५० रुपयांच्या वर आणि ३,२५० रुपयांच्या आंत पोटगी मिळविणारी स्त्री, बरोबर १,७५० मिळविणारीपेक्षां तोट्यांतच राहते. मर्यादेच्या रेघेवर उभ्या असलेल्या बाईस वकिलानें आणि हितचिंतकानें ही गोष्ट आधींच समजावून सांगितली पाहिजे.

परंतु यावरून कोणी भलताच अर्थ काढूं नये. 'मग पोटगी कमीच मागावी', किंवा 'मिळत असली तरी न मिळाल्याचें लिहून द्यावें', असा सल्ला देणारे लोक कचेऱ्यांच्या आवारांत भेटतात. तो सल्ला खोटा आहे व घातकहि आहे. खोटें लिहून घेतलेलें अनुदान आज ना उद्यां उघडकीस येतें आणि परत करण्याची पाळी येते. शिवाय पोटगी हा हक्क आहे. परिस्थिति बदलली तर ती वाढवून मागतां येते, मुलें मोठीं होतील तसा त्यांचा वाढता खर्च न्यायालयापुढें मांडतां येतो. अनुदानाचा आंकडा सरकार ठरवील तो. पोटगी सोडून अनुदान धरणें म्हणजे विहीर बुजवून टँकरची वाट पाहण्यासारखें आहे. आणि टँकरची वाट पाहणें काय असतें, हें आमच्या जिल्ह्यांत तरी कोणास सांगावयास नको.

याच्या उलट बाजूचाहि एक गैरसमज आहे. 'तिला सरकार देतें ना, मग मी कशाला देऊं?' असें म्हणणारे नवरे मीं ऐकले आहेत. त्यांना एवढेंच सांगावयाचें, कीं निराधारास सरकार मदत करतें, ती त्याला आधार नाहीं म्हणून. ज्यानें आधार द्यावयाचा, त्यानें तो काढून घेतल्यामुळें ती बाई निराधार झाली. सरकारनें घासभर दिलें, म्हणून त्याचें देणें फिटत नाहीं.

आतां व्यवहाराचा मुख्य प्रश्न. पैसे मिळाले, हें पावतीनें दाखवितां येतें. पैसे मिळाले नाहींत, हें कशानें दाखवावें? याचें उत्तर थोडें कष्टाचें आहे, पण अवघड नाहीं. पोटगी रोख हातांत घेऊं नये. ती बँकेच्या खात्यांत किंवा न्यायालयांत भरावी, अशी मागणी आरंभींच करावी. म्हणजे खातेंच साक्ष देतें. एका वहींत महिना, ठरलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम असे तीन रकाने आंखावे व दर महिन्यास ते भरावे. थकबाकी झाली, कीं वर्षाची मुदत संपण्यापूर्वीं वसुलीचा अर्ज करावा, आणि त्या अर्जाची प्रमाणित नक्कल जपून ठेवावी. हा अर्ज दोन कामें करतो. नवऱ्यावर तगादा लागतो, आणि 'मला पोटगी मिळत नाहीं' या म्हणण्यास न्यायालयाच्या दप्तरांतील आधार मिळतो. अनुदानाच्या अर्जास मूळ हुकुमाच्या नकलेबरोबर ही नक्कल जोडावी, आणि उत्पन्नाच्या जागीं प्रत्यक्ष मिळालेलीच रक्कम लिहावी. पुढें थकलेली पोटगी एकदम हातीं आली, तर तेंहि कचेरीस कळवावें. हिशेब दोन्ही बाजूंनीं सरळ असला, म्हणजे भीति राहत नाहीं.

ज्या बाईचा घटस्फोट झालेलाच नाहीं, जिचा नवरा नुसता परागंदा झाला आहे, तिची अडचण याहून बिकट असते. कारण तिच्यापाशीं कागदच नसतो. अशा बाईनेंहि कलम १४४ खालीं अर्ज करावा. तो ती स्वतः राहत असेल त्या जिल्ह्यांतहि करतां येतो. नवऱ्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. खटला चालूं असतां मिळावयाच्या अंतरिम पोटगीचा अर्ज, समोरच्या पक्षास नोटीस पोंचल्यापासून शक्यतों साठ दिवसांत निकालांत काढावा, असें कायदा सांगतो. नागपूरकडून वर गेलेल्या एका प्रकरणांत ४ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें, कीं पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनीं आपल्या मालमत्तेचें व उत्पन्नाचें प्रतिज्ञापत्र दाखल करावें. वकिलाच्या फीची धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. विधि सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यान्वयें प्रत्येक स्त्रीस व बालकास, उत्पन्न कितीहि असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

मुलांच्या पोटगीविषयीं दोन शब्द. न्यायालय पुष्कळदां बाईची रक्कम निराळी व प्रत्येक मुलाची निराळी ठरवून देतें. हुकुमांत ही फोड स्पष्ट असावी, असा आग्रह धरावा. आपल्याकडील मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची असल्यामुळें मुलांच्या दुधाची नि दप्तराची रक्कमहि त्याच बेरजेंत येण्याचा संभव असतो. इंग्लंडमध्यें याचा विचार निराळ्या रीतीनें झाला आहे. तेथें सरकारी मदत ठरवितांना नवऱ्याकडून बायकोस मिळणारी पोटगी उत्पन्नांत धरतात. पण मुलांसाठीं मिळणारी पोटगी २०१० सालापासून मुळींच धरीत नाहींत. मुलाचा घास मोजून आईचा घास कमी करूं नये, हें त्यामागील तत्त्व. अमेरिकेंत याच्या उलट आहे. गरीब कुटुंबानें रोख मदत घेतली, तर मुलांच्या पोटगीचा हक्क राज्याच्या नांवें करून द्यावा लागतो. राज्य बापाकडून वसूल करतें, आणि त्यांतून कुटुंबास किती द्यावयाचें, तें ज्या त्या राज्याच्या नियमांवर अवलंबून असतें.

मला सर्वांत पटते ती स्वीडन आणि जर्मनी या देशांची रीत. स्वीडननें १९३७ सालीं आणि जर्मनीनें १९८० सालीं अशी व्यवस्था केली, कीं बापानें मुलाची पोटगी दिली नाहीं, तर ठराविक रक्कम सरकारनें आधीं मुलास द्यावी आणि मागाहून ती बापाकडून वसूल करून घ्यावी. मूल उपाशी राहत नाहीं, आणि बापहि सुटत नाहीं. वसुलीचा भार एकट्या बाईच्या डोक्यावरून उतरून सरकारच्या डोक्यावर जातो. विचार केला तर स्मृतींतील 'देववावें' या शब्दाचा अर्थ याहून निराळा नाहीं. आपल्याकडे अनुदान एका कचेरींत व पोटगी दुसऱ्या कचेरींत, आणि या दोहोंमध्यें धांवणारी ती बाई, असा प्रकार आहे.

२०२४ सालच्या जुलैपासून महाराष्ट्रांत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, तिचाहि येथें उल्लेख केला पाहिजे. २१ ते ६५ वर्षें वयाच्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता व निराधार स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये, असें तिचें स्वरूप ठरलें, आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यांत आली. पोटगी दरमहा दोन-चार हजारांची असली, तरी तेवढ्यानें या मर्यादेस बाध येत नाहीं. म्हणजे जी बाई निराधार योजनेच्या रेघेपलीकडे गेली, तिला येथें वाट मोकळी राहिली. मात्र दुसऱ्या सरकारी योजनेंतून १,५०० किंवा अधिक रुपये मिळत असतील, तर ही रक्कम मिळत नाहीं, अशी तिला अट घालण्यांत आली. दोन्ही हातांत दोन अनुदानें, असें होत नाहीं.

आपण म्हणाल, आम्हां शहरांतल्या माणसांना हा हिशेब कशाला? याचें कारण सांगतों. आपल्या घरीं धुणेंभांडीं करणारी, पोळ्या लाटणारी जी बाई येते, तिच्या घरची चौकशी कधीं केली, तर अशी एखादी कहाणी बहुधा निघेल. तिच्यापाशीं हुकुमाचा कागद असतो. तो काय म्हणतो, हें तिला कळत नाहीं. कायदा अपुरा असेल, तो सुधारण्यास वेळ लागेल. पण एक वही आंखून देणें, एक अर्ज मुदतींत लिहून देणें, एक प्रश्न नीट वाचणें, हें आपल्या हातचें आहे.

माझ्या विद्यार्थिनीचें पुढें काय झालें, तें सांगून संपवितों. मोफत वकिलाच्या साहाय्यानें तिनें वसुलीचा अर्ज केला, त्याची नक्कल जोडून निराधार अनुदानासाठीं फिरून अर्ज केला, आणि २०२४ सालच्या जुलैंत तिला अनुदान सुरू झालें. या वेळीं उत्पन्नाचा रकाना तिनें स्वतःच्या हातानें भरला. मधले अकरा महिने गेले ते गेलेच. दरमहा दीड हजारांप्रमाणें अकरा महिन्यांचे किती होतात, तें गणित मीं पुष्कळ वेळां मनांत करून पाहिलें आहे. सोळा हजार पांचशें रुपये. उत्तर बरोबर आहे, पण तें तिच्या दोन मुलांच्या ताटांतून वजा झालेलें आहे.